लॅपटॉपची हार्ड डिस्क आवाज करू लागली तर: आधी कॉपी, मग तपासणी

हार्ड डिस्कमधून टक-टक ऐकू आली की बहुतेक जण एकाच पद्धतीने चुकतात. आधी लॅपटॉप दोन-तीनदा बंद-चालू करून बघतात. मग विंडोजचं चेक डिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, लावतात. मग कुणीतरी सुचवलेलं रिपेअर सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेतात. हे सगळं झालं की फाइल कॉपी करायला बसतात, आणि तोवर डिस्क बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅममध्येही, दिसेनाशी झालेली असते. तिच्यात उरलेले शेवटचे काही तास तपासणीतच खर्ची पडलेले असतात.

प्रत्येक पायरी आपल्या जागी बरोबरच असते. चुकतो तो क्रम. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. आणि घाई झाली तरी पहिला टप्पा गाळू नका.

टप्पा १: पहिली दहा सेकंदं – लॅपटॉप चालू ठेवायचा की नाही

तीन आवाज असे आहेत की ते ऐकू आल्यावर लॅपटॉप लगेच बंद करायचा. पुढचं वाचन मोबाइलवर.

पहिला, खरखर किंवा किरकिर. धातूवर काहीतरी घासल्यासारखा, सतत येणारा. डिस्कच्या आत फिरणाऱ्या चकतीपासून वाचणारं हेड अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या थरावर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे त्या अंतराच्या हजारो पट. हे हेड चकतीला टेकलं की डेटाचा चुंबकीय थर खरवडला जातो. खरवडलेला थर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. डिस्क फिरत राहिली तर प्रत्येक सेकंदाला आणखी खरवडला जातो.

दुसरा, ठराविक लयीतली टक-टक. टक, टक, टक, टक, मग क्षणभर शांतता, मोटर मंदावल्यासारखी वाटते, पुन्हा तेच. हेड आपली जागा शोधतं, सापडत नाही म्हणून मागे येतं, पुन्हा जातं. लॅपटॉप सुरू होत नसेल किंवा डिस्क दिसत नसेल आणि ही लय चालू असेल, तर बहुधा हेड तरी निकामी झालं आहे नाहीतर डिस्कला स्वतःबद्दलची माहितीच वाचता येत नाहीये.

तिसरा, बारीक बीप किंवा गुणगुण, पण चकती फिरल्याची घरघर नाही. मोटर फिरायचा प्रयत्न करते आणि अडते. हेड चकतीवरच चिकटून बसलं की असं होतं. लॅपटॉप चालू असताना पडला असेल तर हा संशय आधी घ्या.

थांबा: या तिन्हींपैकी एकही आवाज असेल आणि आतला डेटा मोलाचा असेल, तर घरचे उपाय इथेच संपले. ‘एकदाच चालू करून बघतो’ हेही नको. सरळ शेवटच्या टप्प्यावर जा.

पॉवरचं बटण दाबून धरून बंद करावं की नीट शटडाउन करावं? खरखर असेल तर बटण दाबून धरा. विंडोज बंद होताना डिस्कवर बरंच काही लिहीत बसतं आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. बाकी वेळी नीट शटडाउन करा.

टप्पा २: आवाज डिस्कचाच आहे ना?

आधी लॅपटॉपमध्ये फिरणारी डिस्क आहे का, ते बघा. विंडोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ उघडलं की प्रत्येक ड्राइव्हपुढे हार्ड डिस्क आहे की सॉलिड स्टेट (म्हणजे एसएसडी) हे लिहिलेलं असतं. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो, त्यामुळे ती टक-टक करूच शकत नाही. तुमच्याकडे फक्त एसएसडी असेल तर आवाज पंख्याचा, कॉइलचा किंवा स्पीकरचा.

फिरणारी डिस्क असेल तर कान लावायची एक साधी रीत आहे. वहीचा कागद गुंडाळून बोटाएवढ्या जाडीची सुरळी करा. एक टोक कानाशी, दुसरं लॅपटॉपच्या वर, तळहात टेकतो त्या भागावर. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी. पंखा जाळीजवळ असतो आणि हार्ड डिस्क बहुधा तळहाताच्या पट्टीखाली एका बाजूला. सुरळीतून दोन्ही आवाज चटकन वेगळे होतात. आवाज कुठे आहे हे बघायला लॅपटॉप दाबू नका, वाकवू नका, ठोकू नका.

तरी खात्री होत नसेल तर पुढच्या खुणा बघा.

पंख्याचा सूर कामाप्रमाणे चढतो-उतरतो. पात्याला केस किंवा धुळीची गुठळी लागत असेल तर टिक-टिक येते, पण पंखा वेगात गेला की टिक-टिकही वेगात जाते. डिस्कचं तसं नसतं. लॅपटॉपच्या बहुतेक डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला ९०, आणि हा वेग काम असो-नसो तोच राहतो. त्यामुळे तिची मूळ घरघर एकाच सुरात असते.

पानं वर-खाली करताना किंवा चार्जर लावल्यावर बदलणारी बारीक चीं-चीं ही मदरबोर्डवरच्या कॉइलची. त्रासदायक असते, डेटाला धोका नसतो.

दर थोड्या वेळाने येणारा ‘टप्’ असा एकच आवाज कधी कधी स्पीकरचा निघतो. ऑडिओ चिप झोपते आणि जागी होते तेव्हा तो येतो. इअरफोन लावल्यावर तो टप् कानात ऐकू आला तर डिस्क निर्दोष. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्यात राहिलेली सीडी काढून घ्या. सुरू होताना ती शोधाशोध करते आणि चांगलाच गलका करते.

तपासा: मोबाइलवर तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ठेवा. चार दिवसांनी आवाज वाढला की तसाच आहे हे आठवणीवर सांगता येत नाही. पुढे दुकानात जावं लागलं तर ‘कसा आवाज?’ या प्रश्नाचं उत्तरही त्यातच मिळेल.

टप्पा ३: नेहमीचा आवाज आणि काळजीचा आवाज

आवाज डिस्कचा ठरला म्हणून ती बिघडलीच असं नाही. सुरू होताना चढत जाणारी घरघर, फाइल उघडताना वाळूवर पाय पडल्यासारखी कुरकुर, काम थांबल्यावर एखादी ‘टक्’, लॅपटॉप उचलल्यावर एखादी ‘टक्’ हे सगळं नेहमीचं आहे. काम नसलं की हेड चकतीवरून बाजूला, आपल्या उतारावर जाऊन बसतं, त्याची ती टक्. वीज अचानक गेली तर हीच टक् जरा जोरात येते, कारण हेड घाईने मागे ओढलं जातं.

एक टेराबाइटच्या आणि त्याहून मोठ्या अनेक पातळ डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लिहिलेल्या असतात. मोठी कॉपी संपल्यावरही अशी डिस्क आतली मांडणी लावत बराच वेळ कुरकुरते. त्यात काळजीचं काही नाही.

काळजीची गोष्ट ही की आवाज आणि अडकणं एकाच वेळी होतं. टक् झाली आणि माउसचा गोल फिरत राहिला, फाइल उघडायला पाच-दहा सेकंद लागली, विंडोज सुरू व्हायला रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. किंवा आवाज नवा आहे, पूर्वी नव्हता. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये सिस्टिमच्या नोंदींत डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तर शंका पक्की धरा. ७ म्हणजे खराब ब्लॉक सापडला, १५३ म्हणजे वाचायचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. हे असेल तर डिस्क अजून चालते आहे पण उतरणीला लागली आहे, आणि पुढचे टप्पे नेमके तुमच्यासाठी आहेत.

टप्पा ४: तयारी – लॅपटॉप बंद असतानाच

सगळं सामान हाताशी आल्याशिवाय तो लॅपटॉप पुन्हा चालू करू नका. अर्ध्यात ‘अरे, जागा पुरत नाही’ म्हणून थांबावं लागलं की पुढच्या वेळी डिस्क सुरू होईलच याची खात्री नसते.

लागतं ते असं:

- एक धडधाकट एक्स्टर्नल डिस्क. पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये, घ्यायची तर ती मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी. ५०० जीबीच्या डिस्कवर फक्त ८० जीबी भरलेलं असलं तरी इमेजला ५०० जीबीच लागतात. ती एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी, कारण फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.
- ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि तो तयार करायला दुसरा संगणक. त्यावर उबुंटू किंवा सिस्टिमरेस्क्यू टाकून घ्या. या पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या, विंडोजऐवजी वापरायच्या लिनक्स प्रणाली आहेत. विंडोजवरून करायचं तर रुफस हा छोटा प्रोग्रॅम पुरतो.
- चांगली बॅटरी किंवा इन्व्हर्टर. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर कॉपीच्या मध्येच वीज जाणं हा कमजोर डिस्कला मोठा धक्का असतो.
- बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की. नवीन लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा मालकाला पत्ता नसतानाही डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीकडे. ती मोबाइलवरून आत्ताच बघून वहीत उतरवून घ्या. तिच्यावाचून पूर्ण इमेज मिळाली तरी ती बंद तिजोरीच.
- वही-पेन. आकडे आणि वेळा लिहायला.

लॅपटॉप टेबलावर ठेवा, गादीवर किंवा मांडीवर नाही. वर पंखा असू द्या.

या वेळेत एक यादीही करा: नेमकं काय वाचवायचं आहे? डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवतात. राहून जातो तो टॅलीचा डेटा फोल्डर, जो बहुतेकदा सी ड्राइव्हवर दुसरीकडेच असतो. आउटलुकची मेल फाइल, श्रीलिपीसारखे जुने फाँट, डिजिटल सहीची फाइल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हेही राहून जातं. महत्त्वानुसार क्रम लावा. जे परत कुठूनच मिळणार नाही ते वर, सिनेमे आणि सॉफ्टवेअर अगदी खाली.

टप्पा ५: विंडोजला हात न लावता सुरू करा

इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात. आजारी डिस्कवरच विंडोज असेल तर ते नुसतं सुरू झालं तरी हजारो छोट्या फाइल वाचतं-लिहितं. वर अँटिव्हायरस, अपडेट, फाइलींचं इंडेक्सिंग, क्लाउडचं सिंक. तुम्ही एक फोटो कॉपी करत असता आणि मागे डिस्कवर जत्रा भरलेली असते.

म्हणून पेन ड्राइव्ह लावून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. बहुतेक डेल आणि लेनोवो लॅपटॉपवर सुरू होताना एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप दाबलं की कशावरून सुरू करायचं ते विचारलं जातं. उबुंटूमध्ये ‘ट्राय’ निवडा. ‘इन्स्टॉल’ चुकूनही नको, त्याने सगळी डिस्क पुसली जाऊ शकते.

डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालायची घाई करू नका. लॅपटॉपमधली थेट जोडणी जास्त स्थिर असते, केसिंग मध्येच तुटू शकतं, आणि काही केसिंगमधून डिस्कचे आरोग्याचे आकडेही दिसत नाहीत. लॅपटॉपच सुरू होत नसेल तर मात्र केसिंगशिवाय पर्याय नाही.

तपासा: उबुंटूच्या ‘डिस्क्स’ प्रोग्रॅममधल्या यादीत डिस्क दिसते का? तिची क्षमता बरोबर आहे का? ५०० जीबीच्या डिस्कची क्षमता शून्य किंवा भलतीच दिसत असेल तर बंद करा आणि शेवटच्या टप्प्यावर जा.

टप्पा ६: स्मार्टचे आकडे, दोन मिनिटांत

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. हे आकडे नुसते बघितल्याने डिस्कवर ताण येत नाही. लांबलचक टेस्ट लावणं ही वेगळी गोष्ट, ती आत्ता नाही. उबुंटूमधल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅमच्या मेनूत हे आकडे मिळतात. विंडोजमध्येच बघायचे असतील तर क्रिस्टलडिस्कइन्फोची पोर्टेबल आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवा, आजारी डिस्कवर काही इन्स्टॉल करू नका.

सगळे आकडे वाचत बसायची गरज नाही. हे पाच वहीत लिहा:

क्रमांक ५, म्हणजे खराब झाल्यामुळे बदली दिलेले सेक्टर (डेटा साठवायचे डिस्कवरचे छोटे तुकडे). दोन-चार असून महिनोन्‌महिने तेवढेच असतील तर चालतं, वाढत असतील तर नाही. क्रमांक १९७, म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयासाठी ताटकळलेले सेक्टर. आवाजाबरोबर हा शून्याहून जास्त असेल तर मी दुसरा पुरावा शोधत नाही. क्रमांक १९८, म्हणजे वाचताच न येणारे. क्रमांक १०, म्हणजे मोटर पहिल्या प्रयत्नात न फिरल्याच्या वेळा. हा शून्यच हवा. आणि क्रमांक १९९, म्हणजे जोडणीतल्या चुका. हा एकटाच वाढत असेल तर डिस्कपेक्षा सैल कनेक्टर किंवा खराब केबलचा संशय घ्या.

इथे दोन चुका हमखास होतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, दाखवतं, आणि तिथले ‘१०’ म्हणजे आपले सोळा. सेटिंगमध्ये दशमान निवडून घ्या. दुसरी, सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ आणि ७ पुढे अवाढव्य आकडे दिसतात आणि माणूस घाबरतो. तिथे एकाच आकड्यात दोन गोष्टी भरलेल्या असतात, त्यामुळे तो मोठाच दिसतो.

टक् फक्त काम थांबल्यावर येत असेल आणि वरचे पाचही शून्य असतील, तर क्रमांक १९३ बघा: हेड किती वेळा उतारावर जाऊन बसलं. लॅपटॉपच्या डिस्कना बहुधा ३ लाख किंवा ६ लाख वेळांची हमी असते. दर अर्ध्या मिनिटाला एक टक् धरली तर रोजच्या आठ तासांत ९६० होतात, म्हणजे ३ लाख जेमतेम ३१२ दिवसांत गाठले जातात. आकडा भराभर वाढत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोच्या एपीएम सेटिंगमधून डिस्कची वीजबचत कमी करा. टक् बंद होते, डिस्क किंचित गरम राहते.

सावधान: ‘गुड’ अशी निळी खूण दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार सर्वांत भरवशाच्या खुणांपैकी एकही दिसली नव्हती. कान एक सांगतो आणि स्क्रीन दुसरं, तेव्हा मी कानाचं ऐकतो.

टप्पा ७: मोलाच्या फाइल आधी

यादी समोर ठेवा आणि वरून सुरुवात करा. एक फोल्डर, मग दुसरा. अख्खा ‘यूजर्स’ फोल्डर ओढून टाकू नका. मध्ये एक खराब फाइल आली की सगळी कॉपी तिथेच अडते आणि डिस्क त्या एका जागेवर डोकं आपटत राहते.

एखाद्या फाइलवर अर्धा मिनिट अडकलं तर ती सोडा, नाव वहीत लिहा, पुढे जा. फोटोंच्या फोल्डरमध्ये छोट्या चित्रांचा देखावा बंद करून यादीचा देखावा ठेवा, नाहीतर फोल्डर नुसता उघडल्यावरच प्रत्येक फोटो वाचला जातो. विंडोजमधून रोबोकॉपी वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: तिची मूळ सेटिंग न वाचलेली फाइल दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून, पुन्हा वाचायची आहे. पुन्हा प्रयत्नांचा आकडा शून्य किंवा एक करून मगच चालवा.

माझ्या मावसभावाचा हिशेब-लेखनाचा व्यवसाय. त्याचा लॅपटॉप दिवाळीपासून अधूनमधून टक् करत होता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो अडकायला लागला तेव्हा त्याने जवळच्या दुकानात दिला. तिथे रात्रभर चेक डिस्क लावून ठेवलं. सकाळी स्क्रीनवर अकरा टक्क्यांचा आकडा गोठलेला होता आणि डिस्क तालात टक-टक करत होती. टॅलीचा सगळा डेटा मिळून दोन जीबीसुद्धा नव्हता. आदल्या संध्याकाळी तो पेन ड्राइव्हवर घ्यायला पाच मिनिटं लागली असती. तेव्हापासून आवाज करणारी डिस्क कुणी दाखवली की मी आधी एकच विचारतो, यातली कुठली फाइल गेली तर तुमची झोप उडेल? ती आधी बाहेर काढतो.

सावधान: कॉपी चालू असताना आवाज वाढला, किंवा टक-टक लयीत यायला लागली, तर थांबा. मिळालं तेवढं मिळालं. उरलेलं मोलाचं असेल तर ते आता तज्ज्ञाचं काम.

टप्पा ८: उरलेल्यासाठी पूर्ण इमेज

मोलाचं बाहेर आलं की अख्ख्या डिस्कची इमेज घ्या. त्यासाठी डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आहे. ते आधी चांगला भाग सरळ वाचून घेतं, अडलेल्या जागा टाळून पुढे जातं आणि त्या शेवटी बघतं. साध्या कॉपीपेक्षा डिस्कला ते कितीतरी सोसवतं. सिस्टिमरेस्क्यूमध्ये ते तयारच असतं. उबुंटूमध्ये इंटरनेट जोडून टाकावं लागतं, आणि तिथे पॅकेजच्या नावाआधी ‘जी’ लावलेला असतो.

आज्ञेत तीन नावं लागतात, याच क्रमाने: मूळ डिस्क, इमेजची फाइल, मॅपची फाइल. मूळ आणि नवीन यांची अदलाबदल झाली की रिकाम्या डिस्कचा मजकूर तुमच्या डेटावर चढतो. म्हणून एंटर दाबण्याआधी मॉडेल क्रमांक आणि क्षमता वहीतल्या नोंदीशी ताडून बघा. शक्यतो डिस्कवर डिस्क न उतरवता फाइलमध्येच इमेज घ्या, म्हणजे हा धोका बराच कमी होतो.

मॅप फाइल म्हणजे कुठवर आलो याची नोंद. ती एक्स्टर्नल डिस्कवरच ठेवा. पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्सच्या डेस्कटॉपवर ठेवली तर लॅपटॉप बंद होताच पुसली जाते आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

पहिली फेरी खराब जागा बारकाईने वाचत न बसता करा, त्यासाठी ‘एन’ हा पर्याय आहे. बऱ्याचदा जवळपास सगळी डिस्क या फेरीतच निघते. मग तीन प्रयत्नांची दुसरी फेरी. डिस्क हाताला चांगलीच गरम लागली तर थांबवा, तासभर बंद ठेवा, मॅप फाइलच्या आधारे तिथूनच पुढे चला.

टप्पा ९: कॉपी उघडून बघा

फाइलींची संख्या जुळली, आकार जुळला, म्हणून काम झालं असं धरू नका. वाचता न आलेल्या जागी इमेजमध्ये रिकामी जागा राहते. फाइलचा आकार तोच दिसतो, पण फोटो उघडला की वरचा अर्धा चेहऱ्यांचा आणि खालचा अर्धा करड्या रंगाचा. म्हणून प्रत्येक फोल्डरच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या चार-चार फाइल दुसऱ्या संगणकावर उघडा. टॅलीचा डेटा टॅलीतच उघडून एखादा ताळेबंद बघा. मोलाचं आहे त्याची आणखी एक कॉपी वेगळ्या जागी करा.

टप्पा १०: आता खोला, आता तपासा

कॉपी हातात आली की डिस्कला काय झालंय ते बघायला हरकत नाही.

शटडाउन करा. विंडोजमधून करायचं तर शिफ्ट दाबून धरून. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. मागचं झाकण उघडल्यावर आधी डिस्कची पत्र्याची चौकट बघा. रॅम किंवा एसएसडी बसवताना तिचे स्क्रू परत लावायचे राहून गेलेले मी बरेचदा पाहिले आहेत. मग डिस्क फिरली की अख्खी चौकट थरथरते आणि माणूस समजतो डिस्क गेली. बाजूचे रबर निघालेले असले तरी तेच होतं. कनेक्टर सरळ ओढून काढा, तसाच सरळ, पूर्ण आत बसवा. चपटी पट्टीसारखी केबल असेल तर आधी तिची खिट्टी उचला.

डिस्कच्या वरच्या झाकणाचे स्क्रू मात्र खोलू नका. बारीक छिद्राजवळ ‘झाकू नका’ अशी सूचना असते, त्यावर चिकटपट्टी लावू नका.

स्क्रू आणि कनेक्टर नीट करून आवाज गेला, तर आता लांब टेस्ट लावा: डिस्कच्या कंपनीचं स्वतःचं साधन, नाहीतर उबुंटूच्या ‘डिस्क्स’मधली एक्स्टेंडेड टेस्ट. एक टेराबाइटला तीनएक तास धरा. संपल्यावर ते पाच आकडे पुन्हा लिहा आणि आधीच्यांशी ताडा. १९७ किंवा ५ वाढला असेल तर ती डिस्क बदलाच. त्याच डिस्कवर फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकल्याने काही दिवस बरं वाटतं, मग तेच दुखणं परत येतं.

नवीन म्हणून अडीच इंची साटा एसएसडी घ्या. ती त्याच चौकटीत, त्याच कनेक्टरवर बसते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड आणि एसएसडी ७ ची असेल तर मधली फ्रेम लावावी लागते. तिच्यावर विंडोज नव्याने टाका आणि फाइल कॉपीतून आणा. खराब सेक्टरवाल्या इमेजवरून जशीच्या तशी विंडोज उतरवली तर अर्धवट सिस्टिम फाइल पुढे महिनाभर छळतात.

टप्पा ११: तज्ज्ञाकडे न्यायची वेळ

पहिल्या टप्प्यातले तीन आवाज, क्षमता चुकीची दिसणं, किंवा डिस्क पडल्यानंतर आलेला आवाज: यात डेटा हवा असेल तर ज्यांच्याकडे धूळमुक्त खोली आहे अशा रिकव्हरी केंद्रातच न्या. देण्याआधी तीन गोष्टी विचारा. डिस्क उघडण्यापूर्वी अंदाजे खर्च सांगणार का? काम आधी कॉपी घेऊन कॉपीवर करणार की मूळ डिस्कवर? डेटा निघाला नाही तर किती पैसे? ‘इथेच खोलून बघतो, पाच मिनिटं थांबा’ असं उत्तर आलं तर डिस्क परत घेऊन निघा.

नेण्यापूर्वी काय करायचं नाही, तेही सांगतो. फ्रीझरमध्ये ठेवणं हा उपाय आजही लोक एकमेकांना सुचवतात. बाहेर काढल्यावर आत ओल धरते. पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणच्या हवेत, चकतीवर थेंब जमायला वेळ लागत नाही. हाताने थोपटणं, टेबलावर आपटणं नको. दुसऱ्या डिस्कचा हिरवा बोर्ड लावून बघणंही नको. दोन्ही डिस्क एकाच मॉडेलच्या असल्या तरी त्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच एका डिस्कची मोजमापं असतात.

अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, बाहेरून फोम लावा आणि जमलं तर स्वतः हातात घेऊन जा. सोबत वहीतल्या नोंदी आणि मोबाइलमधलं रेकॉर्डिंग. वॉरंटीत असली तरी कंपनीकडे बदलून घ्यायला आधी पाठवू नका. कंपनी दुसरी डिस्क देते, डेटा देत नाही, आणि पाठवलेली डिस्क परत येत नाही.

जुनी डिस्क बदलल्यावर निदान तीन महिने लेबल लावून कपाटात ठेवा, कारण राहून गेलेली फाइल साधारण त्याच काळात आठवते. त्यानंतर ती वाचता येत असेल तर पूर्ण पुसून, नसेल तर मोडून ई-कचऱ्यात द्या. मोडताना जुन्या कापडात गुंडाळा आणि डोळ्यांना चष्मा लावा. लॅपटॉपच्या डिस्कची चकती बऱ्याचदा काचेची असते आणि हातोडा बसताच तिचा चुरा उडतो.